स्तुतिगीतांचे अर्थकारण

कवीने मोबदला घेऊन धनिकाची स्तुती गावी, ही निव्वळ भाटगिरीच नव्हे काय? इ. स. पू. ५ व्या शतकातील ग्रीक कवी पिंडार याच्यासंबंधी हा आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला गेला आहे. ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया आणि इस्थमस येथील क्रीडामहोत्सवांतील विजेत्यांसाठी त्याने रचलेली ४० हून अधिक विजयगीते आज उपलब्ध आहेत. अमेरिकन विदुषी लेस्ली कुर्के यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रॅफिक इन प्रेझ’ या ग्रंथात या गीतांकडे सामाजिक व्यवहार म्हणून पाहिले आणि जुन्या आक्षेपाचे स्वरूपच पालटले.

ही गीते एकांतात वाचण्यासाठी नव्हती. विजेता स्वगृही परतल्यावर बहुधा नागरिकांचे गायकवृंद ती नृत्यासह सादर करीत. असा सोहळा आवश्यक का होता? रथशर्यतीतील विजयाचा मुकुट सारथ्याला नव्हे, तर घोड्यांच्या मालकाला मिळे. म्हणजे विजय हा संपत्तीचाही असे. अशा विजेत्याविषयी नगराला अभिमान वाटे, तशीच धास्तीही वाटे. ती अनाठायी नव्हती. इ. स. पू. ७ व्या शतकात किलॉन या ऑलिंपिक विजेत्याने अथेन्सची सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला होता.

कुर्के यांच्या मते, विजेत्याला त्याचे कुल, त्याचा उमराव वर्ग आणि त्याचे नगर या तिन्हींत पुन्हा सामावून घेणे हे गीताचे कार्य होते. विजय साऱ्या नगराचा आहे, असे ते नागरिकांना सांगे; आणि घरात दडवलेल्या धनाला शोभा नाही, असे धनिकाला बजावी. सार्वजनिक कार्यासाठी केलेल्या उदार खर्चाला ग्रीकांनी ‘मेगॅलोप्रेपिया’ असे नावच दिले होते.

या व्यवहाराला मर्यादाही होत्या. गीताने मत्सर शमला, तरी विषमता हटली नाही. सिराक्यूजचा सत्ताधीश हिएरॉन याचीही स्तुती पिंडारने केलीच. अथेन्सच्या लोकशाहीने मात्र नाट्यमहोत्सवातील गायकवृंदांचा खर्च श्रीमंतांवर कर्तव्य म्हणूनच लादला. तेथे गीताच्या आवाहनाची जागा नियमाने घेतली.

संपत्तीला प्रतिष्ठा हवी असते आणि ती देणे समाजाच्या हाती असते. ती देताना समाजाने धनिकाकडून काय मागून घ्यावे, हा या अभ्यासातून पुढे येणारा प्रश्न केवळ ग्रीकांपुरता नाही.