जुन्या बीपी मशीनमधला पारा: विकायचा कुणाला?

दवाखान्याचं जुनं सामान लॉटमध्ये घेतलं की त्यात पाऱ्याची बीपी मशीन, थर्मामीटर येतातच. सुटा पारा घट्ट झाकणाच्या लहान प्लास्टिक बाटलीत ठेवा. लहानच, कारण तो पाण्याच्या 13.6 पट जड असतो. मोरीत ओतू नका, तापवू तर अजिबात नका, वाफ विषारी. भंगारवाल्याला किलोवर देणं सोपं वाटतं, पण 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच द्यायचा. परवानगीपत्र बघा, मॅनिफेस्टची प्रत फाईलला लावा. यात बहुतेकदा पैसे मिळत नाहीत, उलट द्यावे लागतात. तो खर्च लॉटचा भाव ठरवतानाच धरा. आणि ‘जुन्या टीव्हीतला लाल पारा लाखोंना घेतो’ असा फोन आला, तर सरळ कट करा. टीव्हीत असला पारा नसतोच!