सांडपाण्याचा पुनर्वापर : पिंपरी ते चाकण

पिंपरी-चिंचवडची कारखानदारी पवना नदीच्या पाण्यावर वाढली. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 नंतर एमआयडीसीची वसाहत उभी राहिली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण पूर्ण झाले. पाणी एकदा वापरायचे आणि नाल्याला सोडून द्यायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानंतर कारखान्यांत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संच, आले. पण हेतू नदी वाचवण्याचा होता, पाणी वाचवण्याचा नव्हे.

पुनर्वापराची घडी बसली ती मोठ्या वाहन कारखान्यांत. फोक्सवॅगनचा चाकण प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यात पाण्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे पेंट शॉप. गाडीच्या सांगाड्याचा तेलकटपणा काढून त्यावर फॉस्फेटचा थर देतात आणि टप्प्याटप्प्याला सांगाडा धुतात. या धुवणात जस्त, निकेल, फॉस्फेट उतरते. चुना घालून धातू खाली बसवतात, गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून घातक कचरा म्हणून रवाना करतात आणि निवळलेले पाणी आरओच्या (क्षार गाळणाऱ्या) पडद्यांतून काढतात. ते पुन्हा धुण्याला किंवा कुलिंग टॉवरला चालते. उरते खारे रिजेक्ट, म्हणजे आरओने बाजूला टाकलेले पाणी. ते आटवायला वाफ लागते आणि खर्चाचे गणित तिथेच बिघडते. ते तसेच वापरावे, तर रंगकामाला क्षाराचा डागही खपत नाही.

9 ऑगस्ट 2011 रोजी मावळातील बऊर येथे, पवना धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. त्यानंतर धरणातून वाढीव पाणी आणणे सोपे राहिले नाही. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले.

म्हणजे पुनर्वापर वाढवणे आले. पण भोसरीतल्या छोट्या प्लेटिंग शॉपला (धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याला) स्वतःचा आरओ झेपत नाही. तिथे सामूहिक प्रकल्पच हवा. शहराच्या मैलापाण्याचा प्रश्न वेगळा आहे. चेंबूरचा आरसीएफ कारखाना मुंबईचे, तर कोराडीचे वीज केंद्र नागपूरचे मैलापाणी शुद्ध करून वापरते. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच आणि मोठे. पिंपरी-चिंचवडमध्ये ते शेकडो कारखान्यांत विखुरलेले आहे. कासारवाडी, चिखलीच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतले पाणी त्यांच्यापर्यंत न्यायचे तर आणखी एक शुद्धीकरण आणि स्वतंत्र जलवाहिन्यांचे जाळे लागते. घोडे पेंड खाते ते या जाळ्यापाशी.