इंजिन बंद केल्यावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची स्वारी सहकुटुंब मालवणजवळच्या देवबागला जाऊन थडकली. आम्हा पुणेकरांना समुद्र म्हणजे भेळ खात काठावरून पाहायची वस्तू! पण आमच्या आठवीतल्या कन्येने 'डॉल्फिन पाहिल्याशिवाय परतायचे नाही' असा हट्टच धरला. तेव्हा सकाळी सातलाच अंगात केशरी जाकिटे चढवून आम्ही तिघे होडीत बसलो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका हाताला माडांची रांग, दुसऱ्या हाताला भोगव्याचा डोंगर आणि माथ्यावर पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची घार घिरट्या घालीत होती.

"आता डॉल्फिन मासे दिसतील हं!" मी म्हणालो.

"बाबा, तो मासा नाही!" कन्येने मराठीच्या प्राध्यापकाचीच चूक काढली. तो डोक्यावरच्या छिद्रातून हवा घेतो, पिल्लाला दूध पाजतो आणि श्वास चुकू नये म्हणून अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतो. (ही शेवटची विद्या माझ्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनाही साधलेली आहे!)

तांडेलाचा शब्द आणखी निराळा. "गादे आसत थंय," तो बोट दाखवून म्हणाला. गादा म्हणजे पाठीवर कुबड असलेला, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी वावरणारा डॉल्फिन. करड्या पाठी वर आल्या आणि दिसेनाशा झाल्या. बघता बघता आणखी तीन होड्या तिकडे धावल्या. माझ्याही अंगात काय संचारले कोण जाणे! "अहो तांडेल, जवळ घ्या की! पैसे मोजलेत आम्ही!" मी ओरडलो.

होडी पुढे झेपावली. एवढ्यात एक मोठी पाठ वर आली आणि तिला बिलगून एक चिमुकली पाठ. दोन्ही बाजूंनी इंजिनांची घरघर चालू होती. आई एकदम वळली, पिल्लू क्षणभर मागे राहिले, आणि दोघेही बुडाले. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. गादा तर आवाजाच्याच आधाराने मासळी शोधतो, सोबत्यांना हाक मारतो. त्या गोंगाटात पिल्लाला आईची हाक कशी ऐकू यावी?

"बाबा, ते घाबरलेत," कन्या हलकेच म्हणाली. मी काहीच बोललो नाही.

तांडेलाने होडी बाजूला काढली आणि इंजिन बंद केले. "मास्तरांनू, मागे धावलास तर गावचे नाय. गप बसा."

आम्ही बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. बाकीच्या होड्या कंटाळून परतल्या. आणि मग अगदी जवळ 'फुस्स' असा उसासा ऐकू आला. आई! तिच्या कुशीला पिल्लू! दोघांनी शांतपणे श्वास घेतला आणि ती खाडीच्या दिशेने निघून गेली. सौ.ने माझा हात घट्ट धरला होता. फोटो काढायचे भान कोणालाच उरले नव्हते.

परतताना तांडेल बोलता झाला. गादे जाळ्यातली मासळी खातात, जाळी फाडतात. म्हणून पूर्वी तो त्यांच्या नावाने बोटे मोडी. आता त्यांच्यावरच चार पैसे मिळतात. "मग पाठलाग कशाला करता?" मी विचारले. तो हसला. लांबून दाखवले तर प्रवासी कुरकुरतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या होडीत बसतात!

मी खाली मान घातली. 1972 च्या कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिले आहे, 1987 पासून मालवणला सागरी अभयारण्यही आहे. पण भर समुद्रात प्रवाशाच्या हौसेला आवर कोण घालणार? तो ज्याचा त्यानेच घालायला हवा.

तेव्हा वाचकहो, यंदा कोकणात गेलात तर होडीत पाय ठेवतानाच तांडेलाला सांगा, "लांबून दिसले तरी चालतील, पैसे पुरे देऊ." एवढे एक वाक्य पुरे आहे. मला ते उशिरा सुचले.