पाच मिनिटांची घरघर आणि बॅटरीचा जमाखर्च

गावी जाताना, मुलाकडे परदेशी जाताना किंवा दुखणेकऱ्याच्या शुश्रूषेसाठी महिना-दोन महिने घराबाहेर राहण्याचा प्रसंग आला, की मोटारसायकलची किल्ली शेजाऱ्याच्या हवाली करून ‘रोज पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल’ अशी विनंतीवजा ताकीद देण्याचा परिपाठ आपल्याकडे इतका रूढ झाला आहे, की त्यात काही गैर असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर हा सल्ला घरोघर पोचला. शेजारी बिचारा निष्ठेने रोज सकाळी खाली उतरतो, गाडी पाच मिनिटे घरघरते, बंद होते. आणि मालक परत येऊन सेल्फचे बटण दाबतो तेव्हा इंजिन फिरण्याऐवजी रिलेची टक्-टक् तेवढी ऐकू येते. मग बॅटरीच्या कंपनीला बोल लावला जातो. वास्तविक कसूर बहुधा त्या पाच मिनिटांची असते. आणि हे कितीही वेळा सांगितले तरी ते लोकांच्या गळी उतरत नाही याचा मला मनापासून उद्वेग वाटतो, सबब येथे त्याचा रोकडा हिशेबच मांडतो.

बॅटरीचा व्यवहार हा जमाखर्चाचा व्यवहार आहे. सव्वाशे सीसीच्या गाडीचा सेल्फ फिरताना ६० अँपिअर प्रवाह ओढतो आणि तो तीन सेकंद फिरतो असे धरले, तर एका वेळच्या स्टार्टला ०.०५ अँपिअर-तास एवढा खर्च पडतो. गाडी नुसती उभी असतानाही घड्याळ, चोरीचा इशारा देणारा अलार्म किंवा मागाहून बसवलेले जीपीएस यंत्र थोडा थोडा प्रवाह घेतच असते. तो केवळ ५ मिलिअँपिअर धरला तरी चोवीस तासांत ०.१२ अँपिअर-तास खर्ची पडतात. म्हणजे दिवसाचा खर्च झाला ०.१७. तो पाच मिनिटांत भरून काढायचा, तर बाकीची सगळी गरज भागवून निव्वळ दोन अँपिअर बॅटरीत जमा व्हायला हवेत. आणि चार्जिंगमध्ये काही अंश वायाच जात असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक.

एवढी जमा मंद गतीत होते काय? गाडीतील विद्युत्-निर्मिती इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते, आणि म्हणूनच दुरुस्तीच्या अधिकृत पुस्तिकांत चार्जिंगचा व्होल्टेज तपासताना इंजिन अनेकदा मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास नेण्याची सूचना असते. नुसत्या घरघरीत ते बाराशे-चौदाशे फेरेच घेते. याची खातरजमा कोणालाही करता येईल. मल्टिमीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावाव्यात आणि गाडी चालू करावी. पुष्कळ गाड्यांत मंद गतीला आकडा १३ च्या आसपास किंवा त्याखाली घुटमळतो. मूठ पिळून फेरे चढवले की तोच आकडा १४ च्या वर जाऊन स्थिरावतो. पहिल्या अवस्थेत निर्माण झालेली वीज बव्हंशी गाडीच खाऊन टाकते. कारण १ एप्रिल २०१७ पासूनच्या नियमान्वये दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत तेवताच राहतो. ३५ वॅटच्या हॅलोजन दिव्याला जवळजवळ तीन अँपिअर लागतात, शिवाय मागचा दिवा, इग्निशन आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप. एलईडी दिव्याच्या गाडीत हा भार हलका असतो हे कबूल. तेथे तोंडमिळवणी होईलही, परंतु शिल्लक पडण्याइतकी जमा पाच मिनिटांत होत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा स्वभावच असा, की तिचा शेवटचा पाचवा हिस्सा अतिशय सावकाश, काही तास घेऊन भरतो.

मग वाडवडिलांचा अनुभव खोटा होता काय? खोटा नव्हता, तो निराळ्या यंत्राविषयीचा होता. किकने सुरू होणाऱ्या, कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला सुरू होताना बॅटरीतून जवळपास काहीच काढावे लागत नसे, दिवसा दिवा बंद असे, आणि कित्येक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट कॉइलवर चाले. तेथे पाच मिनिटांनी लाभ बेताचा झाला तरी तोटा होत नसे. सेल्फ आला, दिवा सक्तीचा झाला, पंप आणि संगणकीय नियंत्रक आला, आणि सल्ला मात्र आहे त्या जागीच राहिला.

यात इंजिनाचीही हानी आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सकाळी चालू केलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी बोट धरले तर काजळीने काळवंडलेले थेंब बोटावर येतात. लांब फेरीत सायलेन्सर तापून हे पाणी उडून जाते. पाच मिनिटांत ते आतच राहते, पत्रा आतून गंजवते आणि काही अंशी इंजिन-ऑइलातही उतरते.

तेव्हा शेजाऱ्याला सांगायचेच असेल तर आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर नेऊन अर्धा-पाऊण तास चालती ठेवण्यास सांगावे. ते शक्य नसेल तर जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार, म्हणजे काळी, सोडवून ठेवावी. आधी काळी सोडवायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची, हा क्रम पाळलाच पाहिजे. कारण काळी तार जागेवर असताना लाल टर्मिनलवरचा पाना चॅसीला टेकला तर जी ठिणगी उडते ती पान्याचे तोंड वितळवू शकते. तार सोडवल्याने गाडीचा परस्पर खर्च थांबतो, बॅटरीचा अंगचा ऱ्हास तेवढा उरतो. तो उष्म्यात वाढतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली गाडी ठेवण्यापेक्षा बॅटरी काढून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवणे उत्तम. थंडीत गाडी रुसते खरी. परंतु बॅटरीचे आयुष्य खाते ते ऊन, थंडी नव्हे.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देणे हा सर्वांत मोठा अपराध. १८५९ साली गास्तों प्लान्ते याने पहिली शिसे-आम्ल बॅटरी बनवली, तेव्हापासून तिची मूळ रासायनिक क्रिया बदललेली नाही: वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते आणि चार्ज करताना ते पुन्हा विरघळते. मात्र बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली, की त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, व मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. मेलेली म्हणून टाकलेल्या कित्येक बॅटऱ्या अशाच दुर्लक्षाने गेलेल्या असतात.

‘बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे’ ही समजूतही सोडून द्यावी. गाडी काही तास विसावल्यानंतर मोजलेले १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच बंद केली असता दिसणारा आकडा फसवा असतो.

काही किरकोळ समजुती एकेका वाक्यात निकालात काढता येतील. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने उतरते ही भीती जुन्या काळच्या, पाझरणाऱ्या पेट्यांपुरती होती. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी आणि फळी सारखीच. पातळी खाली गेली म्हणून आम्ल ओतू नये. उडते ते पाणी, आम्ल नव्हे, म्हणून वरच्या रेषेपर्यंत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे किंवा विहिरीचे कदापि नाही. मेंटेनन्स-फ्री म्हणजे पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंगची गरज तिलाही असते, आणि तिचे झाकण उचकटायचे नसते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोरड्या कापडाने जात नाही; तार सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, घट्ट आवळावे आणि मग वरून व्हॅसलीन लावावे. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून चार्जिंग ‘तपासण्याची’ काही मिस्त्रींची रीत तर तत्काळ बंद झाली पाहिजे, कारण त्या क्षणी उसळणारा व्होल्टेज हजारो रुपयांचा नियंत्रक निकामी करू शकतो.

आता गाडी मुळी सुरूच होत नाही, तेव्हा काय करावे? प्रथम टर्मिनल सैल नाही ना आणि फ्यूज शाबूत आहे ना, हे पाहावे. नवी बॅटरी विकत घेतल्यावर जुनी केवळ सैल बोल्टामुळे अडली होती असे कळण्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत. धक्का देऊन गाडी सुरू करण्याची जुनी तोड आता सर्रास लागू पडत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा नियमांनंतर बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या झाल्या, आणि बॅटरी संपूर्ण निपचित असली तर पंपाला आणि नियंत्रकालाच वीज मिळत नाही, मग तीन माणसांनी उतारावर कितीही धापा टाकल्या तरी फळ शून्य.

मोटारीच्या बॅटरीवरून जोड घेता येते. ती मोठी असल्याने मोटारसायकल जळते हे खरे नाही, कारण सेल्फ आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. धोका असतो तो मोटारीचे इंजिन चालू ठेवण्यात, म्हणून ते बंदच असावे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करावी. राजदूतसारख्या जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असत. लाल तार लालला जोडावी, आणि काळीचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, म्हणजे ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनपासून दूर उडते. बिडी-सिगारेट तेथे नकोच.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी सुधारली, असेही नव्हे. ती काढून क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या प्रवाहाने सावकाश चार्ज करावी. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, रात्रभर. मोटारीचा मोठा चार्जर लावून तासाभरात मोकळे होण्याचा मोह पडला, तर एवढीशी बॅटरी तापून बाद होते. पूर्ण चार्जनंतर एक दिवस तशीच ठेवावी. १२.४ च्या वर टिकली तर ठीक. दर वेळी साडेदहाच्या आसपास येऊन थांबत असेल तर सहांपैकी एक सेल गेला आहे, आणि मग कोणत्याही पावडरीने वा औषधाने ती परत येणार नाही. सेल्फ दाबताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तरीही निकाल तोच.

अशी बाद बॅटरी घराच्या माळ्यावर ठेवू नये आणि दारावर येणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नये. तिचे आम्ल बहुधा गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते, ज्याचा धूर आसपासच्या मुलांच्या मेंदूपर्यंत पोचतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, तिची वजावट बिलात मागावी आणि नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घ्यावी.