हेडफोनमधली टक् टक्

मी कॉन्व्हेंटची. मराठीत टेक्निकल लेख लिहायचा म्हणजे माझ्यासाठी धाडसच! शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या मिनी प्रोजेक्टसाठी सी६७१३ या डीएसपीचं किट होतं. माइकमधून आवाज घ्यायचा, मेमरीत साठवायचा आणि इको करून हेडफोनमध्ये सोडायचा. आवाज येत होता, पण मधूनच टक्, टक्. आम्ही वायर बदलली, हेडफोन बदलला, सोल्डरिंगला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी डेमो! शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, "एका सॅम्पलसाठी तुमच्याकडे वेळ किती?"

गणित सोपं आहे. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे एकाला सुमारे २०.८ मायक्रोसेकंद. तेवढ्यात पोर्टमध्ये आलेलं सॅम्पल उचलून मेमरीत न्यायचं. ते काम डीएमए करतो. पण त्याच रस्त्याने माझा दुसरा ट्रान्सफरही जात होता, जुन्या आवाजाचा मोठा ब्लॉक हलवणारा. रस्ता, म्हणजे बस, एकच आणि गिऱ्हाइकं दोन. आधी कोण, हे ठरवणारा तो आर्बिटर. आईला अर्थ विचारला तर म्हणाली, "अगं, लवाद! भांडण सोडवणारा."

आपल्या मेसचंच बघा. 'फायनल इयरवाले आधी' असा नियम केला तर ती झाली फिक्स्ड प्रायॉरिटी. गर्दी वाढली की फर्स्ट इयरवाले उपाशी! याला खरोखरच स्टार्व्हेशन म्हणतात. प्रत्येकाला आळीपाळीने वाढलं तर ते राउंड रॉबिन. कोणी उपाशी राहत नाही, पण ज्याला फक्त चिमूटभर मीठ हवंय तोही रांगेतच.

मी काय केलं होतं? मोठ्या ब्लॉकला हाय प्रायॉरिटी आणि आवाजाला लो! ब्लॉक जाईपर्यंत आवाज थांबायचा. पोर्टमध्ये एक-दोन सॅम्पल मावतील एवढीच जागा, मग नवीन सॅम्पल जुन्यावर येऊन पडायचं. जुनं गेलं की टक्! दोघांची अदलाबदल केली आणि टक् टक् बंद. ब्लॉकचंही फारसं बिघडलं नाही, कारण आवाजाचं काम चिमूटभर मिठाएवढंच. ज्याला घाई आहे आणि ज्याचं काम छोटं आहे, त्याला आधी जाऊ द्यावं.

गंमत अजून आहे. २२५ मेगाहर्ट्झला ४८ हजारांनी भागा. उत्तर येतं ४६८७.५. हा अर्धा ठोका कुठून आला? कारण प्रोसेसर एका घड्याळावर चालतो आणि आवाजाचा कोडेक स्वतःच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर. दोघांचे ठोके जुळतीलच असं नाही.

फ्लिप-फ्लॉपला क्लॉकच्या ठोक्याच्या जरा आधी आणि जरा नंतर डेटा स्थिर लागतो. नेमका तेव्हाच डेटा बदलला तर आउटपुट काही काळ धड ० नाही, धड १ नाही. उडवलेलं नाणं कडेवर उभं राहावं तसं. ही मेटास्टेबिलिटी. उपाय म्हणजे दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावायचे. पहिल्याचं नाणं पडायला एक पूर्ण ठोका मिळतो. धोका शून्य होत नाही बरं का, फक्त अतिशय दुर्मिळ होतो!

पण हे एका बिटपुरतं. ३ चे ४ होताना बायनरीत ०११ चे १०० होतात, तिन्ही बिट बदलतात. अर्धवट वाचलं तर भलताच आकडा. म्हणून दोन घड्याळांमधल्या फिफोत जागेचे आकडे बहुधा ग्रे कोडमध्ये पाठवतात. तिथे ०१० चे ११० होतात, बदलतो फक्त एक बिट. वाचणाऱ्याला एकतर जुना आकडा मिळेल नाहीतर नवा, तिसरा नाही. १९५३ मध्ये ज्यांना याचं पेटंट मिळालं ते बेल लॅब्जचे फ्रँक ग्रे.

डेमो नीट झाला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं 'मधूनच' काही बिघडलं, तर सोल्डरिंग गन उचलण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा. एका रस्त्यावर कोण कोण येतंय? आणि कोण कोणाच्या घड्याळावर चालतंय? आमच्या दोन रात्री गेल्या, निदान तुमची झोप तरी वाचेल!