सगळे कागद मिळाल्यावर

आमच्या बडोद्याच्या घरी माळ्यावर एक जुनी पेटी आहे. तीत मोडी कागदांचे रुमाल आणि वर एक कोरी वही. घराण्याची हकीकत लिहिण्यासाठी ती माझ्या काकांनी आणली होती. मोडी त्यांना घडघडा वाचता येई. पण कोकणातल्या मूळ घरचे दोन रुमाल मिळाले, वंशावळीतली एक पिढी जुळली, की मग लेखणी उचलू, असे ते म्हणत. रुमाल मिळाले नाहीत, पिढी जुळली नाही, काका गेले. आज घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही.

अशा वेळी याच शहरात वावरलेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची आठवण होते. 1889 साली ते सयाजीराव महाराजांच्या पदरी आले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, राजपुत्रांना शिकवावे, हे त्यांचे काम. त्यासाठी केलेल्या टिपणांतून रियासत जन्माला आली. ‘मुसलमानी रियासत’ 1898 साली निघाली, ‘मराठी रियासत’ 1902 साली सुरू झाली. मराठ्यांचे अस्सल कागद तेव्हा नुकते कोठे उजेडात येत होते. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंडही 1898 चाच. थांबायचेच असते तर सबब भरभक्कम होती.

सरदेसाई थांबले नाहीत. हाती होते तेवढ्यावर लिहिले आणि नवे कागद निघाले तसे पुन्हा लिहिले. निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 भाग संपादिले. आणि ऐंशी ओलांडल्यावर, 1946 ते 1948 या काळात, मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने सांगितला. पहिले पुस्तक झाले होते, म्हणून त्यातल्या उणिवा दिसल्या. कोऱ्या वहीत चूक सापडत नाही, तशी दुरुस्तीही होत नाही.

काका आळशी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. चुकीचे काही लिहिले जाईल याचीच त्यांना धास्ती. तिलाच आम्ही विद्वत्ता समजून कौतुक करीत राहिलो. “काका, आठवते तेवढे सांगा, आम्ही उतरून घेतो,” असे कोणी म्हटले नाही.

घरोघर अशा पेट्या असतील. ज्याला जुने आठवते असे माणूस अजून घरात असेल, तर आज रात्रीच त्याच्यापाशी बसावे, सांगेल ते लिहावे आणि शंका येईल तेथे समासात प्रश्नचिन्ह करावे. समास त्यासाठीच तर सोडायचा.

परवा मी ती वही खाली काढली. पहिल्या पानावर काकांचे नाव लिहिले. जन्मसालाची खात्री नव्हती. पुढे प्रश्नचिन्ह घातले, आणि दुसरी ओळ सुरू केली.