शर्टाची इस्त्री : जोर नको, ओल हवी

सकाळची लोकल गाठायची असते, परिटाकडे दिलेले कपडे संध्याकाळी मिळणार असतात आणि कपाटात उरलेला एकमेव शर्ट चुरगळलेला निघतो. अशा वेळी बहुतेक जण इस्त्रीचा काटा सर्वांत वरच्या खुणेवर नेतात आणि कोरड्या शर्टावर अंगातला सारा जोर लावतात. दहा मिनिटांनी शर्ट गरम होतो. सुरकुत्या मात्र होत्या तिथेच राहतात. 2020 च्या टाळेबंदीत कॅमेऱ्यासमोर निदान कमरेच्या वरचा भाग तरी नीटनेटका दिसावा म्हणून अनेकांनी प्रथमच इस्त्री हाती घेतली, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला असणार. दोष त्यांच्या मनगटाचा नव्हे. सुरकुती कशामुळे पडते, हे लक्षात न घेतल्याचा आहे.

सुती धागा मुख्यतः सेल्युलोजचा असतो. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कापड भिजले की पाणी या रेणूंच्या मध्ये शिरते, बंध सैल होतात आणि धागा लवचीक बनतो. वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि त्या वेळी कापड ज्या आकारात असेल, तोच आकार पक्का होतो. पिळून तसाच दोरीवर टाकलेला शर्ट चुरगळलेला वाळतो, त्याचे कारण हेच. इस्त्री म्हणजे ही क्रिया पुन्हा, पण आपल्या मर्जीने घडवून आणणे. ओलाव्याने बंध सोडवायचे, दाबाने कापड सपाट करायचे आणि उष्णतेने पाणी उडवून तो सपाटपणा कायम करायचा. यातील पहिली पायरी गाळली, तर पुढच्या दोन्ही निष्फळ ठरतात. इमारतींच्या जिन्याखाली इस्त्रीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे पाच-सहा किलोंची कोळशाची इस्त्री असते. एवढे वजन हाताशी असूनही ते प्रत्येक कपड्यावर आधी पाणी शिंपडतात, हे पाहण्यासारखे आहे.

ओल किती, उष्णता किती?

इस्त्रीचे निम्मे काम खरे तर वाळत घालतानाच होते. शर्ट दोन-तीनदा जोरात झटकून, कॉलर आणि बटणपट्टी हाताने ताणून हँगरवर वाळत घालावा. पूर्ण वाळण्याआधी, हाताला किंचित गार लागेल एवढा ओलसर असतानाच काढला, तर पाणी शिंपडण्याचीही गरज उरत नाही. कडकडीत वाळलेल्या शर्टावर मात्र सर्वत्र बारीक शिंतोडे मारून, त्याची गुंडाळी करून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. या वेळात ओल कापडात सारखी पसरते. शिंपडल्या शिंपडल्या इस्त्री फिरवली, तर थेंबांच्या जागा भिजलेल्या आणि मधल्या जागा कोरड्या राहतात. वाफेच्या इस्त्रीने हे काम सोपे होते, हे खरे. पण बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी तिच्यात भरल्यास भोके क्षाराने बुजतात आणि एखाद्या दिवशी त्यातून पांढऱ्या शर्टावर मळकट पाण्याची पिचकारी उडते.

उष्णतेसाठी शर्टाच्या आतील लेबल पाहावे. त्यावरील इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल, तर तापमान साधारण 110 अंश सेल्सिअसपर्यंत, दोन ठिपक्यांना 150 आणि तीन ठिपक्यांना 200 अंशांपर्यंत चालते. सुती आणि लिनन कापड तीन ठिपके सोसते. टेरिकॉटमध्ये सुताबरोबर पॉलिएस्टर असते आणि मिश्र कापडाला नेहमी त्यातील नाजूक धाग्याच्या सोयीने वागवावे लागते. पॉलिएस्टर वितळते सुमारे 250 ते 260 अंशांना. पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडून दबते. गडद रंगाच्या शर्टावर दिसणारी ती ओशाळवाणी चकाकी त्यातूनच येते. असा शर्ट उलटा करून किंवा वर पातळ ओलसर फडके टाकून इस्त्री करावा. अनेक कपडे असतील, तर कमी उष्णतेचे आधी घ्यावेत. काटा खाली आणला तरी इस्त्रीचा तळ लगेच निवत नाही आणि पहिला बळी हमखास टेरिकॉटचा जातो. एकदा घातलेल्या शर्टावर तर इस्त्री फिरवूच नये. घाम, चहा वा हळदीचा डाग उष्णतेने कापडात पक्का बसतो.

आधी कॉलर, नंतर पाठ

इस्त्रीचे टेबल नसले, तरी अडत नाही. जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर जाड सतरंजी दुहेरी घालून त्यावर जुनी सुती चादर पसरावी. पलंगाची गादी टाळावी. ती दबते, त्यामुळे कापड सपाट होत नाही.

क्रमाचा नियम एकच : लहान भाग आधी, मोठे नंतर. पाठ आधी केली, तर बाह्या करताना ती पुन्हा चुरगळते. म्हणून आरंभ कॉलरपासून. कॉलर पूर्ण उघडून आधी तिची आतली बाजू घ्यावी, मग बाहेरची. इस्त्री टोकांकडून मध्याकडे सरकवावी. मध्यापासून टोकाकडे गेल्यास सैल कापड पुढे ढकलले जाते आणि नेमकी टोकाशी चुणी पडते. चेहऱ्याच्या खालोखाल लोकांची नजर तिथेच जाते! कॉलरच्या आत चिकटवलेले बकरम असते. काटा विनाकारण वर ठेवल्यास त्याचा चिकटपणा सुटतो आणि कॉलरवर फुगे येतात. ते पुन्हा बसत नाहीत. कॉलरमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या असतील, तर त्या आधी काढून ठेवाव्यात.

यानंतर खांद्याची पट्टी. खांदा टेबलाच्या कोपऱ्यावर चढवला की ती सहज सपाट होते. मग कफ उघडून आधी आतून, नंतर बाहेरून. बाही शिवणीवर नीट जुळवून, हाताने दोन्ही थर सपाट करूनच इस्त्री फिरवावी. अन्यथा वरचा थर सुरेख आणि खालच्या थरावर नवी कायमची घडी, असा प्रकार होतो. बाहीवर धारदार रेघ असावी की नसावी, याबद्दल मतभेद आहेत. आपल्याकडे परिटाने काढलेली रेघ हीच इस्त्रीची पावती मानली जाते. प्रस्तुत प्रतिनिधीला ती अनावश्यक वाटते, पण घरातल्या ज्येष्ठांपुढे हे मत टिकत नाही.

बटणपट्टीपाशी बहुतेकांची दमछाक होते. बटणांच्या मधून इस्त्रीचे टोक घालत बसण्यापेक्षा खाली जाड टॉवेल घालावा आणि पट्टी उलट बाजूने इस्त्री करावी. बटणे टॉवेलात रुततात आणि कापड सपाट होते. काजांच्या पट्टीला एवढी कसरत लागत नाही. (इस्त्री आणि काज हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, असे मानले जाते.) खिसा कडांकडून मध्याकडे घ्यावा. मग एका बाजूचा पुढचा भाग, पाठ आणि दुसरा पुढचा भाग असे शर्ट फिरवत जावे. इस्त्री सरळ रेषेत चालवावी. गोल फिरवल्याने कापड तिरके ताणले जाते आणि सुती शर्ट बेढब होतो.

शर्ट झाल्यावर लगेच घडी घालू नये किंवा अंगातही चढवू नये. कापड गरम आणि किंचित ओलसर असते, म्हणजे बंध अजून पुरते जुळलेले नसतात. वरचे बटण लावून तो पाच-दहा मिनिटे हँगरवर राहू द्यावा. घाईत हाच वेळ वाचवला जातो आणि स्टेशनवर पोहोचेपर्यंत पाठीवर पुन्हा जाळे उमटते.

वीज आणि विस्मरण

1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज घेते. घरातील साध्या सॉकेटला ती पेलते. बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डाला, त्यावर आणखी उपकरणे असतील तर, पेलेलच असे नाही. वाफेच्या मोठ्या इस्त्र्या 2000 वॉटच्या वा त्याहून अधिक क्षमतेच्या असतात. त्यांना 16 अँपिअरचे सॉकेटच हवे. धातूच्या इस्त्रीची तिसरी, अर्थिंगची पिन कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून ती कधीही वापरू नये. ओलसर कपडा, ओला हात आणि अनवाणी पाय एकत्र येण्याचे हे काम आहे. आतील तार सुटून बाहेरच्या धातूला टेकली, तर वाचवणारी तीच पिन असते. इस्त्रीच्या मानेशी वायरचे वेष्टण उसवलेले दिसले, तर ती त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावी. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला असावा.

आणि वीज गेली, तर इस्त्री उभी करून प्लग काढावा. हे प्रस्तुत प्रतिनिधी स्वानुभवाने सांगू शकतो. 2009 साली पत्रकारितेच्या पदविकेच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. भारनियमनाचे दिवस होते. पांढरा शर्ट कोरडा, काटा सर्वांत वर, आणि अर्ध्या पाठीवर वीज गेली. इस्त्री शर्टावरच आडवी राहिली आणि कागदपत्रे शोधायला आतल्या खोलीत जाणे झाले. वीज केव्हा परतली, ते कळलेच नाही. कळला तो वास. शर्टाला, त्याखालच्या चादरीला आणि सतरंजीला इस्त्रीच्या आकाराची भोके पडली होती आणि सतरंजीच्या कडेने धूर निघत होता. आईने घागरभर पाणी ओतले. त्याआधी प्लग काढण्याचे भान तिला होते. मुलाखतीला धाकट्या भावाचा शर्ट घालून जावे लागले. बाह्या आखूड होत्या, म्हणून कोपरापर्यंत दुमडल्या.